खुर्चीतून उठायला किती स्नायू लागतात?

लहानपणी कुणी "दंड दाखव रे" म्हटलं की आपण मूठ आवळून, कोपर वाकवून बेटकुळी काढायचो. मामा ती दोन बोटांनी दाबून बघायचा, "अजून दोन भाकऱ्या खा" म्हणायचा, आणि ताकद म्हणजे दंडावरचा तो उंचवटा हे डोक्यात पक्कं बसायचं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. लोक कसे उठतात, कसे बसतात, वस्तू कशी उचलतात हे बघत माझा दिवस जातो. आजही नव्या पेशंटला हात वाकवायला सांगून "आत्ता कोण काम करतंय?" असं विचारलं, की बोट थेट बेटकुळीवरच जातं.

बेटकुळी म्हणजे बायसेप्स. कोपर वाकवण्यात त्याचा वाटा आहे, पण त्या कामाचा मुख्य गडी दुसराच आहे. त्याचं नाव ब्रेकिअ‍ॅलिस. तो बायसेप्सच्या खाली, हाडाला चिकटून असतो, त्यामुळे वरून दिसत नाही. बायसेप्सकडे आणखी एक मोठं काम आहे, ते म्हणजे तळहात आभाळाकडे वळवणं. आत्ताच करून बघा. उजवं कोपर काटकोनात वाकवा आणि डाव्या हाताची बोटं बेटकुळीवर ठेवा. आता उजवा तळहात आधी जमिनीकडे आणि मग जोर लावून वर करा. तळहात वर वळताना बोटांखालचा गोळा टणक झालेला लागेल. उजव्या हाताने स्क्रू आवळताना, कुलपात किल्ली उजवीकडे फिरवताना हाच स्नायू कामाला येतो. खालचा ब्रेकिअ‍ॅलिस ज्या हाडाला जोडलेला आहे ते हाड तळहाताबरोबर फिरतच नाही. म्हणून तळहात वर असो की खाली, तो कोपर वाकवण्याचं आपलं काम करत राहतो.

इतक्या साध्या हालचालीत, आपल्याला पाठ असलेल्या एकाच नावामागे दुसरा एक जण उभा असतो. आपल्या अंगात हाडांना जोडलेले सहाशेहून जास्त स्नायू आहेत आणि त्यातला एकही एकटा काम करत नाही. कोण ओढतो हे आपल्याला दिसतं. कोण सोडतो, कोण नुसता धरून ठेवतो आणि कोण हालचाल सुरू व्हायच्या आधीच तयार होऊन बसतो, हे दिसत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दुखण्यांपैकी बरीचशी या न दिसणाऱ्यांची असतात. म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करू. स्नायू फक्त ओढतो. ढकलणं त्याला येतच नाही. बंद पडलेली गाडी आपण ढकलतो तेव्हासुद्धा शरीराच्या आत ढकलणारं काही नसतं. दंडाच्या मागचा ट्रायसेप्स कोपराच्या टोकाला जोडलेला असतो. तो ते टोक मागून ओढतो, त्यामुळे हात सरळ होतो आणि तळहात गाडीवर रेटला जातो. म्हणजे वाकवायला एक ओढणारा हवा आणि सरळ करायला दुसऱ्या बाजूला दुसरा हवा. मांडवाचा खांब जसा चारी बाजूंनी दोऱ्या ताणून उभा करतात, तसा प्रत्येक सांधा चहूबाजूंच्या ओढीने सांभाळलेला असतो. एक दोरी ढिली पडली की खांब दुसरीकडे कलतो.

फक्त ओढताच का येतं, याचं उत्तर १९५४ साली मिळालं. 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन वेगवेगळ्या जोड्यांचे लेख आले. एका जोडीत अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ निडरगर्क होते, दुसरीत ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन. आडनाव एक असलं तरी दोघे हक्सली भाऊ नव्हेत. दोन्ही जोड्यांचं म्हणणं एकच होतं. स्नायूच्या आत दोन जातीचे अतिसूक्ष्म धागे असतात, एक जाड आणि एक बारीक. स्नायू आखडतो तेव्हा हे धागे स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. जाड धाग्याला असंख्य बारीक मुंडकी असतात. ती बारीक धाग्याला पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा थोडं पुढे पकडतात. विहिरीतून पोहरा शेंदताना आपण एका हाताने दोर धरतो आणि दुसरा हात पुढे नेतो, अगदी तसंच.

यातली एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. पकडलेला धागा सोडण्यासाठी त्या मुंडक्याला एटीपी नावाचं पेशीतलं इंधन लागतं. इंधन संपलं तर मुंडकी पकडलेल्या जागीच अडकून राहतात. माणूस गेल्यावर काही तासांत देह ताठ होतो, तो यामुळेच. इंधन तयार होणं थांबलेलं असतं, म्हणून पकड सुटत नाही. ओढायला शक्ती लागते हे आपल्याला ठाऊक असतं, पण सोडायलाही खर्च येतो.

सोडण्याची हीच गोष्ट मोठ्या पातळीवरही आहे. कोपर वाकवायचं असेल तर पुढचा स्नायू ओढणार, आणि मागचा त्याच वेळी तितकाच ओढत राहिला तर? हात जागेवरून हलणारच नाही. दोरखेचीत दोन्ही संघ सारख्या ताकदीचे असले की मधला रुमाल जसा जागच्या जागी थरथरतो, तसं होईल. असं होत नाही, कारण पुढच्या स्नायूला "ओढ" असा निरोप जातो त्याच वेळी मज्जारज्जूत एक दुसरा निरोप निघतो. तो मागच्या स्नायूच्या चेतापेशींना गप्प करतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी ही जोडव्यवस्था प्रयोगांनी उलगडून दाखवली. १९३२ साली त्यांना एडगर एड्रियन यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळालं. थांबवणं ही काम नसल्याची अवस्था नाही, ते मज्जासंस्थेने मुद्दाम केलेलं काम आहे, हे शेरिंग्टन यांचं मोठं सांगणं होतं.

थांबवणारा हा निरोप पोचला नाही तर काय होतं, हे मराठीतल्या एका शब्दातच आहे. धनुर्वात. या रोगाच्या जिवाणूचं विष स्नायूंना थेट इजा करत नाही. ते मज्जारज्जूत जाऊन गप्प करणाऱ्या निरोपांची वाट अडवतं. मग सगळे स्नायू एकाच वेळी, पूर्ण जोराने ओढू लागतात. पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंपेक्षा बळकट असतात, ते जिंकतात आणि अख्खा देह मागे धनुष्यासारखा ताणला जातो. ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याने रोगी नीट बघितला होता. तेवढ्यासाठी तरी गंजका खिळा पायात गेल्यावर इंजेक्शन टाळू नये, हे मी जाता जाता पण कळकळीने सांगते.

याचं सौम्य रूप मी दर आठवड्याला बघते. पक्षाघात झालेल्या माणसाची मूठ वळलेली असते, कोपर वाकून छातीशी आलेलं असतं. घरचे म्हणतात, "हातात ताकदच राहिली नाही." मी त्या मुठीत माझं बोट सरकवते तेव्हा ती इतकी घट्ट असते की बोट बाहेर काढायला कष्ट पडतात. उघडणारे स्नायू अशक्त झालेले असतातच, पण त्यांच्यासमोरचे, मूठ मिटणारे, सोडायला तयार नसतात. मेंदूकडून येणारा आवर सुटलेला असतो. अशा वेळी मऊ चेंडू देऊन "दाबा, दाबा" म्हणणं, जे घरोघरी चालतं, बहुतेकदा चुकीचं ठरतं. मिटण्याची सवय आधीच जास्त झालेली असते. तिथे शिकवायचं असतं ते उघडायला आणि सोडायला. आधी मनगट हळूहळू मागे न्यायचं, मग अंगठा मोकळा करायचा आणि मग एकेक बोट. घाई केली की मूठ उलट जास्त आवळते.

आता पोहऱ्याकडे परत येऊ, कारण तिथे स्नायूंचं आणखी एक काम लपलेलं आहे. पाण्याने भरलेला पोहरा वर ओढताना दोर आपल्याकडे येतो. पण भरलेली कळशी दोराने हळूच खाली सोडायची असेल तर? दोर आपल्यापासून लांब जात असतो, तरी आपण तो ओढूनच धरलेला असतो. ओढ थोडी कमी केली की कळशी थोडी खाली जाते, आणि ओढ पूर्ण सोडली तर धाडकन आपटते. स्नायूही हे सारखं करत असतात. हातातली बादली जमिनीवर अलगद ठेवताना कोपर सरळ होत जातं, म्हणून वाटेल की मागचा ट्रायसेप्स काम करतोय. प्रत्यक्षात ट्रायसेप्सला काही करावं लागत नाही, कारण बादलीचं वजनच हात खाली नेतंय. काम करतात ते पुढचे, वाकवणारे स्नायू. ते लांब होत होत ओढत असतात, म्हणजे ब्रेक लावत असतात.

गड चढून-उतरून आलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. सिंहगड चढताना दम लागतो, घाम निघतो, मध्ये थांबून ताक प्यावं लागतं. उतरताना गप्पा मारत उतरता येतं. तरी दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो तो उतरण्यामुळे. उतरताना प्रत्येक पायरीवर मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, अख्ख्या शरीराचं वजन लांब होत होत पेलत असतो. अशा कामात धाग्यांवर जास्त ताण येतो, त्यात बारीक बारीक इजा होतात आणि एक-दोन दिवसांनी मांड्या भरून येतात. "लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय" असं जे सगळे म्हणतात ते बरोबर नाही. लॅक्टेट विश्रांती घेतल्यावर तासाभरात उतरतं, आणि हे दुखणं सुरूच दुसऱ्या दिवशी होतं. चांगली बातमी अशी की स्नायू यातून शिकतो. काही दिवसांनी तोच गड पुन्हा उतरलात तर दुखणं बरंच कमी असतं.

म्हातारी माणसं खुर्चीत धपकन बसतात, ते याच ब्रेकच्या कमजोरीमुळे. उठता येतं, पण हळू बसता येत नाही, असं किती जणांचं असतं. माझा अनुभव असा की घरच्यांचं लक्ष उठण्याकडे असतं, पण बसण्याकडे कुणी बघत नाही.

खुर्चीतून उठण्याचं आता जवळून बघू. तीन-चार सेकंदांचीही गोष्ट नाही, पण तिच्यात मला अजून नवं काही दिसत राहतं.

खुर्चीत टेकून बसा आणि पाठ अजिबात पुढे न वाकवता, पाय पुढे ठेवून उठायचा प्रयत्न करा. उठता येणार नाही, कितीही ताकद असली तरी. मुलांचा एक खेळ आहे. बसलेल्याच्या कपाळावर एक बोट टेकवायचं आणि म्हणायचं, "आता ऊठ बघू." पैलवानही उठू शकत नाही. बोटात जादू नसते. उठण्यासाठी अंगाचा भार आधी पावलांच्या वर यावा लागतो, आणि त्यासाठी डोकं नि छाती पुढे जावी लागते. ते बोट नेमकं तेवढंच अडवतं.

म्हणून उठण्याची सुरुवात मांडीत होत नाही. आधी पावलं मागे सरकतात. गुडघ्यामागचे स्नायू ती ओढून खुर्चीखाली आणतात. मग खुब्याचे पुढचे स्नायू धड पुढे झुकवतात. लगेच पाठीचे स्नायू ब्रेक लावतात, नाहीतर आपण तोंडावर पडू. धडाला पुढे जायची जी गती मिळाली असते ती आता वर वळवायची असते. बूड खुर्चीवरून सुटतं तो क्षण सगळ्यांत अवघड. अख्खा भार दोन पावलांवर, गुडघे पूर्ण वाकलेले. इथे मांडीचे पुढचे स्नायू गुडघा सरळ करायला ओढतात, नितंबाचा मोठा स्नायू खुबा सरळ करायला ओढतो, आणि पोटरीतला सोलिअस नावाचा स्नायू नडगीला मागे धरून ठेवतो, म्हणजे गुडघे पुढे घसरत नाहीत.

इथपर्यंत सरळ आहे. पण याच वेळी मांडीच्या मागचे स्नायू, हॅमस्ट्रिंग, हेसुद्धा जोरात आवळलेले असतात. मांडीला मागून हात लावून उठून बघा, लागतील. आता हे स्नायू गुडघा वाकवणारे. आपल्याला गुडघा सरळ करायचाय. मग पुढचा आणि मागचा दोघेही एकदम का ओढतात? शेरिंग्टनच्या नियमाने एकाने सोडायला हवं होतं. वॉरन लोम्बार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०३ साली हा पेच मांडला, आणि तो अजून त्याच्याच नावाने ओळखला जातो.

उकल मोठी सुंदर आहे. हॅमस्ट्रिंग एका सांध्यावरून जात नाही, दोन सांध्यांवरून जातो. वर तो खुबा सरळ करतो, खाली गुडघा वाकवतो. मांडीच्या पुढचा एक स्नायू, रेक्टस फेमोरिस, हाही दोन सांध्यांवरून जातो. तो खाली गुडघा सरळ करतो आणि वर खुबा वाकवतो. प्रत्येकाचं एक काम हवंसं, एक नकोसं. पण तरफेचा हिशोब बघा. हॅमस्ट्रिंगचा जोर खुब्याजवळ जास्त पडतो, गुडघ्याजवळ कमी. रेक्टसचा जोर गुडघ्याजवळ जास्त पडतो, खुब्याजवळ कमी. दोघांनी एकदम ओढलं की दोन्ही सांध्यांवर नकोसं काम हरतं, हवंसं जिंकतं, आणि खुबा नि गुडघा दोन्ही एका लयीत सरळ होतात. शिवाय हे दोन्ही स्नायू एका टोकाला आखूड आणि दुसऱ्या टोकाला लांब होत असल्यामुळे त्यांची एकूण लांबी फारशी बदलत नाही. जणू ताणलेल्या पट्ट्यांनी ते एका सांध्याचा जोर दुसऱ्या सांध्याकडे पोचवतात. परस्परविरोधी म्हणून पुस्तकात समोरासमोर छापलेले हे स्नायू उठताना एकमेकांचे साथीदार होतात.

या तरफेबद्दल आणखी दोन ओळी. कोपर वाकवणारे स्नायू कोपरापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर जोडलेले असतात, तर वजन असतं तळहातात, कोपरापासून तीस-पस्तीस सेंटिमीटरवर. म्हणजे हातात एक किलोची साखरेची पिशवी धरली की स्नायूंना सात-आठ किलोंची ओढ लावावी लागते. सतराव्या शतकात इटलीतल्या जोव्हान्नी बोरेल्ली यांनी हा हिशोब मांडला. स्नायूंना वजनाच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो, असं त्यांनी दाखवलं. वरवर हा तोट्याचा व्यवहार वाटतो. पण बदल्यात मिळतो तो वेग. स्नायू बोटभर आखडतो आणि हात वीतभर फिरतो. माशी हाकलायला हेच उपयोगी पडतं.

आता हालचालीच्या आधीची गोष्ट. उभं राहून एक हात झटकन समोर उचलायचा आहे. पहिला कोण कामाला लागतो? खांदा, असंच कुणीही म्हणेल. १९६७ साली सोव्हिएत संशोधकांनी उभ्या माणसांच्या स्नायूंमधले विद्युत संकेत मोजले. खांद्याच्या स्नायूच्या आधी, सेकंदाच्या काही शतांश भागाने आधी, मांडीच्या मागचा स्नायू जागा होत होता. हात पुढे गेला की तोल पुढे जाणार हे मज्जासंस्थेला माहीत असतं. तोल जायची वाट न बघता ती आधीच पाय नि कंबर बांधून ठेवते. स्वयंपाकघरात वरच्या फळीवरून डबा काढतानाही आपण आधी पायांनी आणि कंबरेने काम सुरू केलेलं असतं, हाताने नंतर.

ही तयारी अंदाजावर चालते. अंदाज चुकला की ती आपल्याला जाणवते. भरलेला समजून रिकामा हंडा उचलला की हात हिसका बसल्यासारखा वर जातो. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकला की टाच जमिनीवर आदळते आणि दात एकमेकांवर आपटतात. पाठीत उसण भरणाऱ्यांच्या कहाण्या मी ऐकते तेव्हा त्यात मोठं वजन क्वचित असतं. "काही नाही हो, खाली पडलेलं पेन उचललं." "वाकून चूळ भरत होते, तेवढ्यात शिंक आली." वजन किरकोळ म्हणून पाठ बांधली गेलीच नव्हती. पन्नास किलोचं पोतं उचलताना आपण श्वास धरतो, पोट आवळतो, पाय रोवतो. पेनासाठी कुणी तसं करत नाही. पाठदुखीची कारणं अनेक असतात आणि सगळी इतकी सरळ नसतात, पण ज्यांना वारंवार उसण भरते त्यांना मी वाकण्याआधी एक पाय थोडा पुढे टाकायला आणि एक हात ओट्यावर टेकायला शिकवते.

हाताकडे वळू, कारण तिथली एक गोष्ट बायकांना माहीत असायलाच हवी.

बोटांमध्ये बोट हलवणारा एकही स्नायू नाही. निम्मे स्नायू तळहातात आहेत आणि ताकदीचे सगळे कोपराखालच्या हातात. तिथून लांब कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, मनगटावरून बोटांपर्यंत गेलेल्या आहेत. पिंगुळीचे ठाकर कलावंत जशा वरून दोऱ्या हलवून कळसूत्री बाहुल्या नाचवतात, तशी आपली बोटं लांबून नाचवली जातात. टेबलावर हात ठेवून बोटं हार्मोनियम वाजवल्यासारखी हलवा आणि मनगटाच्या वर बघा, दोऱ्या सरकताना दिसतील.

आता या दोऱ्या मनगटावरून जातात, म्हणजे बोटं मिटताना मनगटही वाकवणार. ते व्हायला नको, कारण वाकलेल्या मनगटाने मूठ बसत नाही. मनगट पूर्ण आत वाकवा आणि मग मूठ आवळा, अर्धी ताकदही लागणार नाही. म्हणून मूठ वळताना दरवेळी हाताच्या पाठीकडचे स्नायू मनगट मागे धरून ठेवतात. ते काही उचलत नाहीत, काही पिळत नाहीत, नुसते धरतात. आणि त्यातले बहुतेक कोपराच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या एका छोट्याशा उंचवट्याशी एकत्र जोडलेले आहेत.

चादरी पिळा, ढीगभर पोळ्या लाटा, कणीक तिंबा, दुकानात दिवसभर जड पिशव्या द्या-घ्या, किंवा माउसवर मनगट उचलून आठ तास काम करा. धरून ठेवणाऱ्यांना सुटी नाही. मग कोपराच्या बाहेर दुखू लागतं, चहाची किटली उचलताना कळ येते, आणि डॉक्टर म्हणतात, "टेनिस एल्बो." बाई थक्क होते, "मी तर बॅडमिंटनसुद्धा खेळले नाही कधी!" दुखणं मूठ आवळणाऱ्या स्नायूचं नसतं, मूठ आवळली जावी म्हणून मागे उभं राहणाऱ्याचं असतं. म्हणून त्यावर चेंडू दाबण्याचा व्यायाम चालत नाही. हात टेबलावर पालथा ठेवून, मनगट कडेबाहेर काढून, पाण्याची छोटी बाटली हळूहळू खाली सोडणं, लांब होत होत ब्रेक लावणं, हा व्यायाम चालतो. कळशी दोराने खाली सोडण्याचाच तो प्रकार. ओले कपडे पिळण्याआधी दहा मिनिटं नुसते निथळू द्या, हेही मी सांगते आणि त्याचा गुणही येतो.

एवढे सगळे स्नायू, प्रत्येकाची वेगळी वेळ, वेगळा जोर. मेंदू हे सांभाळतो कसं? मॉस्कोतले निकोलाय बर्नस्टाइन १९२० च्या दशकात छन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांचा अभ्यास करत होते. त्यांनी कामगारांच्या सांध्यांवर छोटे दिवे लावले आणि हालचालींची छायाचित्रं घेतली. निष्णात कामगाराचा हातोडा दरवेळी अचूक एकाच जागी पडत होता. म्हणजे खांदा, कोपर, मनगट दरवेळी सारखेच हलत असणार? नाही. प्रत्येक घावाला सांध्यांची वाट थोडी निराळी होती. खांदा जरा जास्त गेला तर कोपर तेवढं कमी जाऊन ते भरून काढत होतं. सराव म्हणजे एकच हालचाल घोटणं नव्हे, तेच काम दरवेळी नव्याने सोडवणं, असा त्यांचा निष्कर्ष होता.

भाकरी थापणाऱ्या बाईकडे बघा. पीठ जरा सैल झालं, परात जरा सरकली, मध्येच पोराने हाक मारली म्हणून मान वळली, तरी भाकरी गोलच. आणि नवशिकी मुलगी? तिचे खांदे कानापर्यंत चढलेले, कोपरं ताठ, ओठ आवळलेले. न जमणाऱ्या कामात शरीर सगळेच स्नायू एकदम आवळून धरतं, कारण काय सोडावं हे अजून कळलेलं नसतं. सायकल शिकताना आपण हँडल जसं करकचून धरतो, पहिलीतलं पोर पेन्सिल जशी कागद फाटेपर्यंत दाबतं, तसंच. हळूहळू एकेक स्नायू सुटत जातो आणि काम हलकं होतं. शिकवणाऱ्याने अशा वेळी "जोर लाव" म्हणू नये, "खांदे खाली सोड" म्हणावं. मला विद्यार्थी असताना एका बाईंनी हे एकच वाक्य सांगितलं होतं. ते मी आजवर हजारदा वापरलंय.

एका पायावर उभं राहून पँट चढवताना जो स्नायू लागतो त्याचं नाव तरी सांगायलाच हवं. ग्लुटिअस मेडिअस, खुब्याच्या बाहेरच्या अंगाला. एक पाय उचलला की त्या बाजूची कंबर खाली पडायला बघते, आणि उभ्या पायाकडचा हा स्नायू ती वर धरून ठेवतो. चालणं म्हणजे आलटून पालटून एका पायावर उभं राहणंच, म्हणून तो पावलोपावली लागतो. तो कमजोर झाला की माणूस झुलत चालतो. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरायची असते, ती यामुळे. डाव्या हाताचा रेटा कंबरेची डावी बाजू वर उचलून धरतो, तेवढा उजव्या स्नायूचा भार हलका होतो. निम्मे लोक काठी दुखऱ्या बाजूलाच धरतात.

ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१२ साली ५१ ते ८० वयाच्या २००२ माणसांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. चाचणी आपल्याला ओळखीचीच. जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि उठायचं, शक्यतो कशाचाही आधार न घेता. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. हात टेकला, गुडघा टेकला की एक गुण कमी. तोल गेला तर अर्धा कमी. पुढच्या काही वर्षांत कमी गुणांच्या लोकांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. याचा अर्थ जमिनीवरून उठता आलं नाही म्हणून कुणी मरतो असा नाही. आजारी, अशक्त माणसाला आधीच उठणं जड जातं. पण ताकद, ब्रेक, तोल, सांध्यांची मोकळीक आणि आधीची तयारी हे सगळं एका झटक्यात तपासणारी इतकी सोपी चाचणी दुसरी मला माहीत नाही. आपल्याकडे ती पंगतीत रोज व्हायची. डायनिंग टेबलं आली तशी ती थांबली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझ्याकडे एक आजी येतात, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मेथीची जुडी निवडायला अजूनही जमिनीवर बसतात. उठताना एक गुडघा उभा करतात, त्यावर तळहात ठेवतात, "आई गं" म्हणतात आणि उभ्या राहतात. मांडीला झेपत नाही तेवढं काम दंडाच्या मागचा ट्रायसेप्स करतो. त्यांना हे कुणी शिकवलं नाही. ब्राझीलच्या चाचणीत गुडघ्यावर हात ठेवला म्हणून त्यांचा एक गुण जाईल. मी त्यांना रोज दोनदा, भिंतीजवळ, हात न लावता खुर्चीत पाच आकडे मोजत बसायचा व्यायाम दिलाय. गेल्या आठवड्यात त्या तीनपर्यंत पोचल्या.